एक आळी, एक वर्ष : नाशिकची वास्तू आणि परिसर टिपू इच्छिणाऱ्या नवोदितांसाठी

जुन्या नाशकातील एका वाड्याच्या गणेशपट्टीची, म्हणजे दाराच्या चौकटीवरच्या कोरीव फळीची, माझ्याकडे चौदा छायाचित्रे आहेत. सागावरची कोरीव वेल त्यांत स्वच्छ दिसते; एकात तर चौकटीच्या कोपऱ्यातले कोळिष्टकही सुटलेले नाही. मात्र त्या वाड्याचा संपूर्ण दर्शनी भाग दाखवणारे एकही छायाचित्र मी काढले नाही. दोन पावसाळ्यांनंतर वाडा उतरवला गेला आणि ती चौदा छायाचित्रे नुसती शोभेची उरली. दरवाजा किती रुंद होता, त्याच्या डाव्या हाताला ओटा होता की नव्हता, वरचा सज्जा कितव्या खणापासून सुरू होत होता, यांपैकी काहीही त्यांवरून सांगता येत नाही. पुढे त्या कुटुंबातील आजी भेटल्या तेव्हा त्यांनी विचारले, "आमच्या ओट्याचा फोटो असेल ना रे तुझ्याकडे?" तो नव्हता.

सुंदर चित्र आणि उपयोगी नोंद या दोन गोष्टी एकत्र येऊ शकतात, पण आपोआप येत नाहीत. कॅमेरा किंवा कुंचला हाती घेऊन आपल्या परिसराची नोंद करू पाहणाऱ्याने कोणत्या क्रमाने काम करावे, हे नाशिकच्या उदाहरणांवरून येथे मांडले आहे. महागड्या साधनांची गरज नाही. बऱ्यापैकी मोबाईल, एक जाड वही, पेन्सिल, मोजपट्टी आणि जलरंगांची लहान पेटी एवढे पुरते.

जागा लहान निवडावी

नवोदिताची पहिली चूक म्हणजे "नाशिकचे वाडे" किंवा "गोदावरी" असा विषय घेणे. एवढा विषय कोणाच्याही आयुष्यात संपत नाही, आणि मग प्रत्येक ठिकाणची चार चार छायाचित्रे जमून कोणत्याच ठिकाणाची पुरी नोंद होत नाही. त्यापेक्षा एक आळी, घाटाचा एक टप्पा, एखादे देऊळ आणि त्याभोवतीची घरे, किंवा अंजनेरीच्या पायथ्याचे एखादे गाव निवडावे आणि वर्षभर तेवढेच करावे. तांबट आळी, तिवंधा, भांडी बाजार, सराफ बाजार यांपैकी कोणताही एक भाग नवोदिताला वर्षभर पुरून उरेल. घरापासून पायी किंवा सायकलने जाता येईल अशी जागा निवडणे सर्वांत शहाणपणाचे, कारण हे काम एका फेरीचे नाही.

पहिल्या दिवशी कॅमेरा घरीच ठेवावा. सकाळी एकदा आणि सूर्य मावळतीला असताना एकदा तीच जागा चालून यावी आणि वहीत साधा नकाशा काढावा : बोळ कोठे वळतो, कोणत्या घराचे तोंड कोणत्या दिशेला आहे, ऊन कोणत्या भिंतीवर केव्हा येते. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते, त्यामुळे पंचवटी पूर्वतीरावर आणि जुने नाशिक पश्चिमतीरावर येते. याचा व्यवहारातला अर्थ असा की नदीकडे तोंड असलेल्या नाशिककडच्या इमारतींवर, उदाहरणार्थ 1756 मध्ये बांधलेल्या पूर्वाभिमुख सुंदरनारायण मंदिरावर, सकाळचे ऊन येते आणि पंचवटीकडचा काठ संध्याकाळी उजळतो. पंचवटीतील नारोशंकराच्या मंदिराची नदीकडील भिंत आणि तीवरची प्रसिद्ध घंटा सकाळी टिपायला गेल्यास ती छायेत असते, आणि मागच्या लख्ख आकाशामुळे हाती केवळ काळी आकृती येते. हे एका दिवसाच्या फेरफटक्यात कळते. कॅमेरा घेऊन थेट गेल्यास तीन फेऱ्या वाया गेल्यावर कळते.

आधी शब्द, मग चित्र

ज्या वस्तूचे नाव ठाऊक नसते ती बहुधा डोळ्यांतूनही सुटते. म्हणून वाड्यासमोर उभे राहून खालून वर अशी नजर न्यावी आणि प्रत्येक भागाचे नाव वहीत लिहावे. तळाशी घडीव चिऱ्यांचे जोते, त्यावर भाजक्या विटांची भिंत, आणि पुष्कळ ठिकाणी वरच्या मजल्याला पांढऱ्या मातीचे बांधकाम. मोठ्या दरवाजात कापलेली लहान दिंडी, आत देवडी (पहारेकऱ्याची जागा), मग ओसरीने वेढलेला चौक. चौकातील लाकडी खांब तळखड्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर, उभा असतो. तो सुरूच्या झाडासारखा निमुळता असेल तर त्याला सुरूदार खांब म्हणतात. खांबाच्या माथ्याशी तुळईला आधार देणारा हस्त, दोन खांबांमध्ये महिरप, महिरपीच्या टोकाला लोंबते केळफूल, वर तुळई आणि तिच्यावर कडीपाट, म्हणजे कड्या व फळ्यांचे लाकडी छत. भिंतीतील कोनाडे, खुंट्या, अडसर आत सरकवण्यासाठी भिंतीत ठेवलेले भोक, हे सारे नोंदीचे विषय आहेत आणि छायाचित्रकार ते हमखास विसरतात.

खण हा शब्द विशेष लक्षात ठेवावा. दोन तुळयांमधील अंतराला खण म्हणतात आणि वाड्याची लांबी जुन्या माणसांच्या तोंडी खणांतच येते. एक खण मोजपट्टीने मोजला आणि एकूण खण मोजले की संपूर्ण दर्शनी भागाची लांबी बरीच अचूक मिळते. अरुंद बोळात, रहदारीत, कोणालाही न अडवता करता येण्याजोगी ही मोजणी आहे.

घरातील वडीलधाऱ्यांशी बोलण्याचा लाभ येथेच होतो. मी एकदा ज्याला "सज्जा" लिहून आलो होतो त्याला त्या घरात वेगळेच नाव होते. अशा वेळी पुस्तकी शब्द खोडू नये आणि घरचा शब्दही टाकू नये; दोन्ही शेजारी शेजारी लिहावेत.

कॅमेऱ्याचे काम

एका वास्तूचे छायाचित्रण दुरून जवळ या क्रमाने करावे आणि क्रम कधीही मोडू नये. प्रथम वास्तू आणि तिचा शेजार दिसेल असे दुरून, मग पूर्ण दर्शनी भाग समोरून, मग दोन्ही कोपऱ्यांवरून तिरके, त्यानंतर एकेक भाग, आणि सर्वांत शेवटी कोरीवकाम. मोह नेमका उलट्या क्रमाचा होतो. प्रत्येक जवळच्या छायाचित्राआधी तोच भाग मोठ्या चौकटीत कोठे आहे हे दाखवणारे एक छायाचित्र घ्यावे, म्हणजे पुढे कोणालाही तो तुकडा भिंतीवर परत बसवता येईल. किमान एका छायाचित्रात मोजपट्टी उभी धरावी. मोजपट्टी नसेल तर माणूस उभा करावा आणि त्याची उंची वहीत लिहावी.

मोबाईल वर उचलून तिरका धरला की भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात आणि वाडा मागे कलंडल्यासारखा दिसतो. यावर उपाय म्हणजे पडद्यावरील जाळीच्या रेषा चालू ठेवून मोबाईल अगदी उभा धरणे आणि स्वतः उंच जाणे. समोरच्या घराच्या पहिल्या मजल्याची खिडकी किंवा गच्ची मिळाली तर दर्शनी भाग सरळ येतो. अतिरुंद भिंगाचा मोह टाळावा. त्याने कडेचे खांब ताणले जातात आणि प्रमाण बिघडते. बोळ फारच अरुंद असेल तर भिंतीपासून सारखे अंतर राखून, एकेक पाऊल सरकत, प्रत्येक छायाचित्रात मागच्याचा निम्मा भाग पुन्हा येईल अशी मालिका घ्यावी. ती नंतर संगणकावर जोडता येते.

कोरीव लेखांसाठी आणि उथळ शिल्पांसाठी समोरून फ्लॅश मारू नये, कारण त्याने अक्षरे सपाट होतात. उजेड कडेने सरपटत यावा लागतो. पांडवलेण्यांत याचा चांगला सराव होतो. मुंबई रस्त्यालगतच्या डोंगरातील ही 24 लेणी बहुतांशी उत्तरेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे दिवसभर तेथे सौम्य, सारखा उजेड असतो. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीचा भार खांद्यावर घेतलेल्या यक्षांच्या आकृती किंवा अठराव्या लेण्याचा, म्हणजे चैत्यगृहाचा, दर्शनी भाग टिपायला या उजेडासारखे दुसरे साहाय्य नाही. कॅमेरा प्रथम उजळ आकाश पकडतो आणि लेणे काळवंडते; म्हणून चौकटीतून आकाश शक्यतो वगळावे, किंवा पडद्यावर सावलीतील दगडावर बोट ठेवून उजेड ठरवावा.

वायरी, मीटरच्या पेट्या, दुकानांच्या पाट्या आणि लावलेल्या दुचाकी छायाचित्रातून पुसू नयेत. आज त्या खटकतात, पण वीस वर्षांनी छायाचित्राचा काळ त्यांवरूनच ओळखू येईल. जे पुसायचे ते कुंचल्याने पुसावे.

कुंचल्याचे काम

चित्र काढणाऱ्याला निवडीची मोकळीक असते. कॅमेरा सारे काही सारख्याच आस्थेने टिपतो. चित्रकार वायरींमागचा सज्जा मोकळा करून दाखवू शकतो, समोर उभ्या असलेल्या टेम्पोमागचे जोते पुरे करू शकतो. मात्र नोंदीचे चित्र असेल तर काय काढून टाकले आणि काय तर्काने पुरे केले हे चित्राच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवावे; ते न लिहिल्यास पाहणाऱ्याला खरे कोणते आणि कल्पित कोणते हे कळण्याचा मार्ग राहत नाही. नाशिकला या कामाची मोठी परंपरा आहे. शिवाजी तुपे यांनी गोदाघाट आणि जुन्या नाशकाचे कोपरे जागेवर बसून जलरंगांत रंगवले. नवोदिताने अशी चित्रे प्रदर्शनात पाहावीत तेव्हा केवळ रंगांची वाहवा करू नये. चित्रकार कोठे बसला असेल, ऊन कोणत्या बाजूचे आहे, त्याने काय गाळले, हे ओळखण्याचा प्रयत्न करावा आणि नंतर त्याच जागी जाऊन पडताळावा.

सुरुवात रंगांनी करू नये. पहिले दोन महिने वहीत केवळ पेन्सिलीची रेखाटने करावीत, प्रत्येकी वीस मिनिटांची. उभ्या खांबाला एकक मानून बाकीचे त्याच्या किती पट आहे हे पेन्सिल हातभर लांब धरून मोजावे. डोळ्यांचा अंदाज शिखराच्या बाबतीत तर नेहमीच चुकतो आणि शिखर असते त्यापेक्षा बारीक व उंच काढले जाते. सिन्नरच्या गोंदेश्वराइतका चांगला धडा दुसरा नाही. यादवकाळातील हे पंचायतन मंदिर, म्हणजे मधले मुख्य देऊळ आणि चार कोपऱ्यांना चार लहान देवळे, भूमिज शैलीचे आहे. मुख्य शिखरावर लहान लहान शिखरांच्या आडव्या रांगा एकावर एक चढत जातात. त्या मोजल्या नाहीत तर चित्रातले शिखर कोणत्याही देवळाचे होते, गोंदेश्वराचे राहत नाही.

रंगांबाबत सर्वांत आधी मनातून काढायची समजूत अशी की आपला दगड काळा आहे. काळारामाच्या मंदिराकडे सकाळी आठ वाजता लक्षपूर्वक पाहावे. उन्हातला दगड उबदार करडा, किंचित तपकिरी दिसतो. सावलीत तोच निळसर होतो आणि जेथे पाणी मुरते तेथे हिरवट. पेटीतील तयार काळा रंग लावला की हे सारे मरते. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना एकत्र करून करडा तयार करावा. निळा वाढवला तर सावली, तपकिरी वाढवला तर ऊन. कागदावर मिश्रणाचे सहा लहान चौकोन काढून, ते हातभर अंतरावर प्रत्यक्ष दगडाशेजारी धरून ताडून पाहावेत, आणि जुळलेल्या चौकोनावर वेळ लिहावी. माझ्या वहीत असे एक पान आहे ज्यावर एकाच खांबाचे सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी साडेपाच असे तीन चौकोन आहेत, आणि ते तीन वेगळ्या दगडांचे वाटतात.

कागद जाड, 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) घ्यावा आणि चारही बाजूंनी टेपने फळीला चिकटवावा. पातळ कागदाला पाणी लागताच पोक येतो. नाशकातील हवामानाशीही जुळवून घ्यावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, पसरवण्याआधीच सुकतो, म्हणून आकाशाचा भाग आधी नुसत्या पाण्याने ओला करून मग रंग सोडावा. जुलैमध्ये उलट, अर्धा तास झाला तरी कागद ओलाच. अशा वेळी दोन चित्रे एकाच वेळी सुरू करून आळीपाळीने काम करावे. घाटावर बसायचे तर पाठीमागे भिंत असलेली पायरी शोधावी. बघ्यांची गर्दी पाठीमागून होते, आणि खांद्यावरून "काका, इथे माणसं पण काढा ना" असे सांगणारा कोणीतरी निश्चित भेटतो. त्याचे ऐकावे, माणसाविना घाटाच्या पायऱ्यांची उंची कळत नाही.

डोंगर, शिवार आणि नदी

भूदृश्याची नोंद वास्तूपेक्षा सोपी वाटते, पण ती अधिक फसवी असते. सारे चित्रकार पावसाळ्यात त्र्यंबक रस्त्याला लागतात. हिरवळ, धबधबे आणि ढगांत शिरलेला ब्रह्मगिरी कोणाला नको असतो? परंतु ज्याला डोंगराची घडण टिपायची आहे त्याने एप्रिल-मे महिन्यांत जावे. आपले डोंगर एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांचे आहेत. गवत जळाले की हे आडवे थर, त्यांमधील उभे कडे आणि उतरते टप्पे स्पष्ट मोजता येतात, आणि माथे सपाट का, हेही डोळ्यांना कळते. सातमाळा डोंगररांगेतील धोडप किल्ल्याच्या माथ्याजवळची प्रसिद्ध खाच असो की अंजनेरीचा कडा, उन्हाळ्यात रेखाटन करावे आणि रंगांसाठी पावसाळ्यात पुन्हा जावे. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तरच तो डोंगर पुरा होतो.

शिवाराचे वेळापत्रक शेतकऱ्याकडून घ्यावे. द्राक्षबागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी (फळांसाठी) होते. छाटणीनंतर लगेच तारांचे मांडव आणि उघडे ओलांडे, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्या, दिसतात, महिन्याभरात तेच झाकले जातात. बागेची रचना टिपायची तर छाटणीनंतरचे आठ-दहा दिवस आणि घड टिपायचे तर जानेवारीपासून पुढे. शेतात शिरण्याआधी मालकाला विचारावे. फवारणी झालेली असू शकते.

नदीसाठी एकच जागा पक्की करावी आणि तेथूनच वर्षभर टिपावे. गाडगे महाराज पुलाच्या कठड्याचा कोणता खांब, त्याच्या कोणत्या बाजूला उभे राहिलो, कॅमेरा किती उंचीवर होता, हे वहीत लिहिले की दर महिन्याची छायाचित्रे एकमेकांवर ठेवून पाहता येतात. पुराची उंची सांगायला नाशिककर पूर्वीपासून गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीचा आधार घेतात : गुडघ्याला लागले, कमरेला लागले, खांद्यापर्यंत गेले. 1969, 2008, 2016 आणि 2019 या वर्षांचे पूर लोकांच्या बोलण्यात असेच येतात. त्यामुळे मारुती चौकटीत असलेले साधे छायाचित्रही नदीच्या पातळीची नोंद ठरते. प्रत्यक्ष पुरात मात्र घाटावर उतरू नये, पुलावरूनही पोलिसांनी हटकले तर मागे यावे.

काही गोष्टी वर्षातून एकदाच दिसतात. जुन्या नाशकातील पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगपंचमीचे दगडी हौद, एरवी बुजवून वर रस्ता असतो. रंगपंचमीसाठी त्या उघडतात आणि नंतर पुन्हा बुजतात. एकदा रंग भरला की दगडकाम दिसत नाही. म्हणून रहाड उकरली जात असताना, सणाच्या आदल्या एक-दोन दिवसांत जाऊन मोजमापे आणि छायाचित्रे घ्यावीत, मंडळाच्या कार्यकर्त्यांना आधी भेटून. सणाच्या दिवशी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला तरी तो रंगल्याशिवाय परत येत नाही.

परवानगी आणि रीतभात

पांडवलेणी, गोंदेश्वर, त्र्यंबकेश्वर ही केंद्र संरक्षित स्मारके आहेत. अशा ठिकाणी ट्रायपॉडसाठी पूर्वपरवानगी लागते. मंदिरांच्या गाभाऱ्यात छायाचित्रण करू नये, वहीत आठवणीने आराखडा काढावा. ड्रोनचा विचार नवोदिताने सोडून द्यावा : देवळालीचा लष्करी भाग, ओझरचे विमानतळ आणि नाशिक रोडची नोटांची छपाई यांमुळे या जिल्ह्यात उड्डाणाचे निर्बंध पुष्कळ आहेत.

राहत्या वाड्यात आधी हात रिकामे ठेवून जावे. "काकू, मी पलीकडच्या गल्लीतला, जुन्या घरांची चित्रे काढतो, आत आलो तर चालेल का?" एवढे पुरते. भाऊबंदकीचे किंवा भाडेकरूंशी चाललेले वाद असलेल्या घरात तुम्ही बिल्डरकडून आलात अशी शंका येते. ती खोटी आहे हे पहिल्याच भेटीत पटवण्याची घाई करू नये. कुलपे, तिजोरीची खोली, देव्हाऱ्यातील चांदी यांची छायाचित्रे कोठेही प्रसिद्ध करू नयेत. पावसाळ्याच्या तोंडी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. अशा वाड्याच्या वरच्या मजल्यावर चढू नये. भिंतीत गाडलेली तुळईची टोके आधी कुजतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

नोंद आणि जपणूक

घरी आल्यावर त्याच रात्री, झोपण्याआधी, छायाचित्रांना नावे द्यावीत. तारीख, आळी, वास्तू, दिशा आणि क्रमांक या क्रमाने नाव असावे. "वाडा-सुंदर-3" असे नाव दोन वर्षांनी तुम्हालाही काही सांगत नाही. चित्राच्या मागेही हेच लिहावे, पेन्सिलीने, कारण पेनाची शाई कागदातून पुढे उतरते. ज्याने माहिती सांगितली त्याची परवानगी असेल तरच नाव, नाहीतर "घरातील ज्येष्ठ व्यक्ती" एवढे पुरे.

सगळ्या नोंदींच्या तीन प्रती असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या घरात असावी. हे सांगताना मला अजिंठा आठवतो. रॉबर्ट गिल याने 1844 पासून वर्षानुवर्षे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्यांतल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. त्यानंतर जॉन ग्रिफिथ्स याने मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह 1872 पासून नव्या प्रती तयार केल्या, आणि 1885 मध्ये दक्षिण केन्सिंग्टनला लागलेल्या आगीत त्यांतल्याही पुष्कळ जळाल्या. एकाच छपराखाली ठेवलेल्या नोंदीचे असे दोनदा झाले.

शेवटची पायरी वर्षअखेरीची. ज्या घरांनी दार उघडले त्या प्रत्येक घरी त्याच घराचे एक छापील छायाचित्र घेऊन जावे, पूर्ण दर्शनी भागाचे, कोरीवकामाचे नव्हे. ते हाती पडताच घरातील माणसे त्यावर बोट ठेवून बोलू लागतात : ही खिडकी नंतर केली, येथे आधी बळद (धान्याची कोठी) होते, हा खांब मधल्या काकांच्या लग्नात बदलला. वही उघडी ठेवावी.